शिशाची जागा कोण घेणार?

भोसरीतल्या एखाद्या ट्रॉब लेथ मशीनखालचा ट्रे पाहून जुना ऑपरेटर सांगतो, वर कोणता बार चालू आहे. साधं माइल्ड स्टील असलं तर लांबच लांब निळसर चिप टूलभोवती गुंतलेली. ‘लेडेड’, म्हणजे शिसं मिसळलेलं, असलं तर तांदळाच्या कणीसारखा भुगा. गुंता काढायला दर थोड्या वेळाने मशीन थांबवावं लागत नाही, हीच त्याची खरी किंमत. या ‘ईएन वन ए लेडेड’मध्ये शिसं असतं जेमतेम ०.१५ ते ०.३५ टक्के.

शिसं पोलादात विरघळत नाही. बारीक कण होऊन बसतं, बरेचदा मँगनीज सल्फाइडच्या कणांना चिकटून. ते ३२७ अंशांना वितळतं. टूलच्या टोकाशी तापलं की चिप आणि टूल यांच्यात वंगणासारखं पसरतं, शिवाय पोलाद ठिसूळ करून चिपही मोडतं. एका पगारात दोन कामं.

त्रास भट्टीपाशी सुरू होतो. पोलादाचा रस १६०० अंशांच्या आसपास असतो, त्यात टाकलेल्या शिशाची विषारी वाफ होते. ती ओढून घ्यायची यंत्रणा वेगळी. युरोपच्या २०११च्या ‘रोहस’ निर्देशाने विद्युत उपकरणांतल्या शिशावर बंधनं घातली, पण मशीनिंगच्या पोलादाला ०.३५ टक्क्यांपर्यंत सूट ठेवली. तोडीचा पर्याय हाती नव्हता.

बिस्मथ आहे, २७१ अंशांनाच वितळणारा. पण महाग, आणि मिळतो बराचसा शिसं शुद्ध करतानाच! म्हणजे शिशाला दारातून हाकलायचं आणि त्याच्याच घरचा माणूस कामाला ठेवायचा. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी कथील निवडलं: ते पोलादाच्या स्फटिककणांच्या सीमांवर साचून कापताना त्याला ठिसूळ करतं. कल्पना मला फार आवडते. मात्र कथील असलेलं पोलाद गरम लाटताना तडकण्याची धास्ती असते.

उरतं गंधक. इथे कसब त्यातून बनणाऱ्या सल्फाइडच्या आकारात आहे. लाटताना त्याचे लांब धागे झाले तर पोलाद आडव्या दिशेने कमजोर होतं; कण गोलसर राहिले तर कापायला सोपं. म्हणून रसात प्राणवायू मुद्दाम थोडा जास्त ठेवतात, आणि सिलिकॉन कमी, कारण त्याचे कठीण ऑक्साइड टूलची धार खातात. बाहेरच्या टर्निंगला असा बार छान चालतो. बारीक, खोल भोक पाडताना मात्र चिपला बाहेर यायला वाटच नसते. त्या कामाला वर्कशॉपचा मालक अजून लेडेडच मागवतो.