सिनेमातला भाऊ आणि आपल्या घरातली ताई

आज सिनेमाविषयी बोलू या, पण नट-नट्यांविषयी नाही. ज्या घरात एक मूल स्वमग्न असतं, त्या घरातल्या दुसऱ्या मुलाचं काय होतं? सिनेमा ते कसं दाखवतो आणि आपण त्यातून काय घ्यायचं, हा आजचा विषय.

आधी स्वमग्नता म्हणजे काय ते पाहू. यालाच ऑटिझम म्हणतात. हा ताप-खोकल्यासारखा औषधाने जाणारा आजार नाही. अशा मुलाच्या मेंदूची घडणच वेगळी असते. मूल नजरेला नजर देत नाही, हाक मारली तरी वळत नाही, उशिरा बोलतं किंवा बोलतच नाही. एखादं मूल तीच तीच हालचाल करत राहतं, एखाद्याला मिक्सरचा किंवा डीजेचा आवाज सहन होत नाही. प्रत्येकात हे कमी-जास्त असतं. ग्रहण पाळलं नाही म्हणून किंवा बाहेरच्या बाधेने हे होत नाही. आईच्या हयगयीने तर मुळीच नाही.

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला चित्रपट म्हणजे १९८८ सालचा अमेरिकेतला 'रेन मॅन'. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. वडील वारल्यावर चार्लीला कळतं, की तीस लाख डॉलर थोरल्या स्वमग्न भावाच्या, रेमंडच्या नावे ठेवलेत. असा भाऊ आहे हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तो पैशासाठी रेमंडला संस्थेतून घेऊन निघतो आणि प्रवासात त्याच्यावर जीव जडतो. घरच्यांनी एका मुलापासून दुसरं मूल लपवलं की काय होतं, हे या गोष्टीत दिसतं. पण एक गैरसमजही पसरला. रेमंड सांडलेल्या काड्या बघता बघता मोजतो, म्हणून प्रत्येक स्वमग्न माणसात अशी करामत असते असं लोकांना वाटू लागलं. तसं नसतं. तुमच्या मुलाला असं काही येत नसेल, तर त्यात काही उणं नाही.

'माय नेम इज खान' तर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी टीव्हीवर पाहिला असेल. तो २०१० सालचा. शाहरुख खानच्या रिझवानला ॲस्पर्गर आहे, म्हणजे स्वमग्नतेचाच एक प्रकार. आपण सगळ्या रिझवानकडे बघतो. पण त्याचा धाकटा भाऊ झाकीर आठवतो का? आईचं सगळं लक्ष रिझवानकडे, आपल्या वाट्याला काहीच नाही, हे त्याच्या मनात साठत जातं. मोठा झाल्यावर तो अमेरिकेला निघून जातो. झाकीर वाईट मुलगा नाही. त्यालाही आई हवी होती, एवढंच.

तिसरा चित्रपट आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. 'द ब्लॅक बलून', ऑस्ट्रेलियातला, २००८ सालचा. दिग्दर्शिका एलिसा डाऊन स्वतः स्वमग्न भावांबरोबर वाढली. आई गरोदर, तिला विश्रांती सांगितलेली, म्हणून थोरल्या चार्लीला सांभाळायचं काम धाकट्या थॉमसवर येतं. चार्ली बोलत नाही, आतल्या कपड्यांवर रस्त्यावर पळत सुटतो. थॉमसला लाज वाटते, राग येतो, मारामारीही होते. शेवटी चार्ली बरा होत नाही. थॉमस त्याला आहे तसा स्वीकारतो. मला हा चित्रपट जास्त खरा वाटतो, कारण भावाच्या मनातला राग यात लपवलेला नाही.

आता एक लक्षात घ्या. या तिन्ही चित्रपटांत भाऊ-भाऊ आहेत. आपल्याकडे हे काम कोणाकडे येतं? गटाच्या बैठकीत एक बाई सहज म्हणून गेली, "धाकट्याकडे बघायला थोरली आहे की, म्हणून तर मला मजुरीला जाता येतं." थोरली सातवीत आहे. आठवड्यातले तीन दिवस ती शाळेत नसते. त्या आईला दोष देऊन उपयोग नाही, तिलाही चूल पेटवायची आहे. पण त्या मुलीची शाळा सुटली, तर ती परत कोण देणार?

म्हणून काही गोष्टी करू या. भावाला किंवा बहिणीला काय आहे, ते दुसऱ्या मुलाला सोप्या शब्दांत सांगा. त्याला राग आला, लाज वाटली, तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. रोज थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी ठेवा. सांभाळण्याची पाळी बाप, आजी, काकू यांच्यातही वाटा. गटातल्या शेजारणीही एखादा दिवस घेऊ शकतात.

कागदपत्रंही करून ठेवा. अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांचं पथक येतं, त्यांना मूल दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं, की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो.

आपल्यामागे भाऊ किंवा बहीणच बघेल, हे गृहीत धरू नका. मुलं मोठी झाली की त्यांना विचारा, "तुला किती जमेल?" विचारून घेतलेली जबाबदारी माणूस मनापासून निभावतो. येत्या बैठकीत हिशोब झाला, की अशा घरातल्या ताईची शाळा कशी चालली आहे, तेवढी चौकशी जरूर करा.