नव्या घराचा उन्हाळा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोर तालुक्याच्या हद्दींत, कामथडी हें गांव लागतें. पश्चिमेस भोर-वेल्ह्याचा डोंगराळ मुलूख; तिकडे सरकावें तसतसा पाऊस वाढत जातो. या पट्ट्यांतील जुनें घर पावसाच्या धाकानेंच घडलें: दगडमातीच्या जाड भिंती, उतरतें कौलारू छप्पर आणि भिंतीला पाणी लागूं नये म्हणून पुढें काढलेली वळचण. ही तजवीज पावसाकरितां होती, पण वैशाखांतहि उपयोगी पडे. आतां त्या जागीं सिमेंट-लोखंडाची सपाट स्लॅब येत आहे. दरसाल घर शाकारण्याचा त्रास गेला, विंचवा-उंदरांचें भय कमी झालें, वर मजला चढविण्याची सोय झाली. हीं सुखें खोटीं नाहींत. जुन्या घराचे गोडवे गाणाऱ्यानें एक श्रावण गळक्या कौलांखालीं काढून पाहावा. मात्र रात्रीं दहा वाजतां स्लॅबखालीं पंखा लावून निजणाऱ्याच्या अंगाला जो ऊन वारा लागतो, तो येतो कोठून?

कामथडीचें स्थान विषुववृत्ताच्या उत्तरेस अठरा अंशांहून थोडें अधिक आहे. त्यामुळें मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो. पुन्हां तो जुलैअखेर तेथें येतो, पण तेव्हां आड ढग असतात. म्हणजे ऐन उन्हाळ्यांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसें पडत नाहीं; सारा मारा छपरावर होतो. चुलीवरून उतरलेला तवा लवकर निवतो, पण चुलीचे दगड निजानीज होईपर्यंत ऊब धरून असतात. स्लॅबचें तसेंच आहे. दुपारभर शोषलेली उष्णता कांहीं तासांनीं खालच्या बाजूस उतरते आणि रात्रीं घरांत पाझरत राहते. जुन्या घराच्या दगडी भिंतीहि जडच होत्या, परंतु त्या वळचणीच्या सावलींत असत. नव्या घरांत जड वस्तु थेट उन्हांत ठेवली गेली, एवढाच भेद.

या गोष्टीचें मोजमाप करतां येतें. छपराच्या एका चौरस मीटरमधून, आंत-बाहेर एका अंशाचा फरक असतां, किती वॉट उष्णता जाते हा त्या छपराचा अंक. उघड्या स्लॅबचा अंक साधारण साडेतीनच्या पुढेंच असतो. भारत सरकारनें २०१८ च्या डिसेंबरांत ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तींत हा अंक १.२ पेक्षां अधिक नसावा असें ठरविलें आहे. आतां १०० चौरस मीटरचें, म्हणजे सुमारें १,०७५ चौरस फुटांचें, छप्पर घ्या. तापलेला पृष्ठभाग आणि खालची खोली यांत वीस अंशांचें अंतर माना. उघड्या स्लॅबमधून ७,००० वॉट आंत येतील. संहितेप्रमाणें बांधलेल्या छपरांतून २,४००. फरक ४,६०० वॉटांचा. तेवढी उष्णता बाहेर टाकण्यास सव्वा टनाहून मोठें वातानुकूलन यंत्र लागेल.

पुण्याकडे स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याची चाल आहे. तो गळतीसाठीं असतो, पण त्यानें हा अंक अडीचच्या आसपास उतरतो. खालीं उष्णतारोधक फोमचा तीन-चार सेंटिमीटरांचा थर दिला तर संहितेची मर्यादा सहज गांठतां येते. वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविले, तर ऊन मुळांतच परतविलें जातें. गळतीला कंटाळून अनेकजण स्लॅबच्या वर पत्र्याचें छप्पर चढवितात. शोभेच्या दृष्टीनें तें कांहीं पाहवत नाहीं, परंतु मधून वारा खेळत असेल तर स्लॅबला सावली मिळते. नकळत जुनी कौलारू युक्तीच परत आली म्हणावयाची. पश्चिमेच्या खिडकीवर मात्र छज्जा निरुपयोगी, कारण मावळतीचें ऊन तिरपें येतें. तेथें जाळी, उभी पडदी किंवा झाडच हवें.

संहितेची धांव मात्र ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींपुरतीच आहे. खेड्यांतील बहुतेक घरें तिच्या बाहेर राहतात. तरीहि एका बाबतींत खेड्यांतील घरधनी शहरवासीयापेक्षां सुदैवी आहे. शहरांत घर बांधणारा एक आणि विजेचें बिल भरणारा दुसरा. फोमचा खर्च पहिल्याचा, फायदा दुसऱ्याचा. मग तो थर गाळला जातो, यांत नवल नाहीं. स्वतःच्या जागेवर स्वतःच बांधणाऱ्याच्या घरीं मात्र दोन्ही हिशेब एकाच वहींत येतात.

प्रश्न उरतो कसबाचा. राखेपासून बनणारे हलके एएसी ठोकळे आतां सर्वत्र मिळतात. त्यांच्या मिश्रणांत ॲल्युमिनियमची भुकटी घालतात. त्यामुळें तें आंबलेल्या पिठासारखें फुगतें आणि आंत हवेचे असंख्य बुडबुडे राहतात. म्हणून त्यांतून उष्णता भाजक्या विटेच्या चौथ्या-पांचव्या हिश्शानेंच वाहते. पण विटेची संवय असलेला गवंडी त्यांतहि सिमेंटचा जाड दर्जा भरतो; तेथूनच उष्णता वाट काढते आणि भिंतीला तडेहि जातात. पातळ लगद्यानें ठोकळे जोडणें हें निराळें काम आहे, तें शिकावें लागतें. छपरावर रोधक थर बसविणें, गळतीची परीक्षा करणें, सौर पत्रे बसविणें हींहि तशींच कामें. २०२४ सालीं सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेंत तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरलें. त्या कामालाहि हात लागतातच. महामार्गालगत घरें उठत असतां हीं कामें जाणणारा तरुण गांवांतच असला, तर त्याला पुण्याची वाट धरावी लागणार नाहीं. आज रोजंदारी चौरस फुटावर मोजली जाते. थर नीट बसला कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं, म्हणून शिकण्याची निकडहि वाटत नाहीं.

विचारण्याची वेळ तर अगदीं थोडी असते. रोधक थर स्लॅब ओतल्यानंतर आणि कोबा घालण्यापूर्वीं बसतो. मधले कांहीं दिवस गेले, कीं मग तो बसविण्यासाठीं नवा कोबा फोडावा लागतो, आणि तें करण्यास कोणी घरधनी राजी होत नाहीं.