संशोधनात आपलाही वाटा

संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि पांढरा कोट घातलेले शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. आपला त्याच्याशी काय संबंध, असे अनेकांना वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांनी हा समज खोटा ठरवला आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास हे बाईच्या जातीचे भोग म्हणून मुकाट्याने सोसले जात होते. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या स्त्रियांनी संकोच सोडून होकार दिला नसता, तर हे दुखणे कधी उजेडात आलेच नसते.

पुढे ३९ गावांत नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग झाला. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे हे सारे गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया करीत. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश मिळाला, तो घरच्यांच्या विश्वासामुळे. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशाताई बाळ-बाळंतिणीला घरी भेट देऊ लागल्या, त्यामागे या गावांचाही वाटा आहे.

उद्या आपल्यालाही कोणी संशोधनात सहभागी होण्यास विचारील. घाबरू नका, पण डोळे मिटून सहीही करू नका. पुढील गोष्टी अवश्य विचारा :

* हा अभ्यास कशासाठी? त्यात माझ्या जिवाला धोका कोणता?
* नीतिमत्ता समितीने परवानगी दिली आहे का?
* इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार?
* निष्कर्ष आम्हाला कळणार का?

माहितीपत्रक आपल्या भाषेत मागा, घरच्यांशी बोला, संमतिपत्राची प्रत जवळ ठेवा. नाही म्हणण्याचा किंवा मध्येच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे; त्यामुळे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत.

समजून दिलेला होकार हीच खरी संमती.