पठारावरची झाडे बुटकी का?

हिमालयात हिमनदीच्या दिशेने चढत गेले, की एका उंचीनंतर वृक्ष दिसेनासे होतात. पुढे जमिनीलगतची झुडपे, गवते आणि शेवाळे एवढेच उरते. सर्वांत उबदार महिन्यातही सरासरी तापमान सुमारे १० अंश सेल्सियसच्या वर जात नसेल, तर वृक्ष वाढू शकत नाहीत. अशा प्रदेशाला अल्पाइन टुंड्रा म्हणतात.

आपल्याकडे हिमनदी नाही. पण वनस्पती बुटक्या का राहतात, हे नाशिकजवळही अभ्यासता येते. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर सुमारे १,३०० मीटर उंचीचा अंजनेरीचा डोंगर आहे. भाद्रपदात त्याच्या पठारावर सोनकी, कवला, गेंद फुललेले असतात. सारे गुडघ्याच्या खाली. जवळच्या घळीत मात्र मोठी झाडे आहेत. पाऊस तोच. मग फरक कशाचा?

फरक मातीचा. पठारावर बेसाल्टच्या कातळावर कित्येक ठिकाणी बोटभरही माती नसते. पावसाळ्यात ती चिंब असते, दिवाळीनंतर ठणठणीत कोरडी. टुंड्रात वाढीचा काळ थंडीमुळे आखूड होतो, येथे पाण्याअभावी. म्हणून दोन्हीकडे बांधा लहान. मात्र टुंड्रात वर्षायू वनस्पती थोड्या, कारण एका हंगामात बी पिकण्याचा भरवसा नसतो. येथे ऊब भरपूर, त्यामुळे अनेक वनस्पती काही आठवड्यांत बी टाकून मोकळ्या होतात. काही कंदाच्या रूपाने जमिनीत टिकतात. त्यांतलेच एक कंदीलपुष्प, 'सेरोपेजिया अंजनेरिका'. २००६ साली त्याला या डोंगराचेच नाव मिळाले. ही वनस्पती अतिदुर्मिळ आहे. २०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. सुतळीची एक मीटर लांबी-रुंदीची चौकट उघड्या कातळाजवळ, पठाराच्या मध्यावर आणि घळीच्या काठी ठेवावी. विणकामाची सुई टोचून मातीची खोली मोजावी, सर्वांत उंच रोपाची उंची नोंदवावी व दोहोंचा आलेख काढावा. काहीही उपटू नये.

यासाठी चाळीस मुले अंजनेरीवरच नेण्याची गरज नाही. दुर्मिळ कंद पायाखाली गेला, तर त्याची भरपाई होत नाही. शाळेजवळचा कोणताही खडकाळ माळ चालेल; नियम तेथेही तोच आहे.