महासागरावरील नौकेची शिदोरी

श्रोतेहो, प्रवासाला निघतांना बरोबर काय घ्यावें हा प्रश्न आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आळंदीहून पंढरपुरास निघालेला वारकरी पडशींत मोजक्याच वस्तु घालतो. कारण वाटेंत गांव लागतें, विहीर लागते, कोणाची तरी ओसरी मिळते. वाटेवर काय मिळेल यावरून बरोबर काय घ्यावयाचें तें ठरवावें, हा प्रवासाचा जुना हिशेब होय. परंतु ज्या वाटेवर चार-पांच महिने गांवच लागत नाहीं, तिची तयारी कशी करावी? शिडाच्या लहान नौकेंतून महासागर ओलांडणारांपुढें हाच प्रश्न उभा असतो, आणि आज त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

आष्ट्यासारख्या कृष्णाखोऱ्यांतील गांवच्या माणसानें समुद्राविषयीं बोलावें याचें कोणास नवल वाटेल. पण भारतीय नौसैनिकानें एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, आणि ती नौकाहि या देशांतच बांधलेली असावी, असा संकल्प ज्यांनीं सोडला, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यांत, फलटणजवळील विंचुर्णी येथें राहत असत. २०१८ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या संकल्पाचें फळ म्हणून गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ५६ फूट लांबीची ‘म्हादेई’ सिद्ध झाली. ऑगस्ट २००९ मध्यें कमांडर दिलीप दोंदे तींतून मुंबईहून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाऊन अशा चार बंदरांत थांबून मे २०१० मध्यें परत आले. पुढें २०१२-१३ मध्यें अभिलाष टॉमी यांनीं त्याच नौकेंतून, कोठेंहि न थांबतां, सुमारें पांच महिन्यांत प्रदक्षिणा पुरी केली.

अशा नौकेंत प्रथम पाहावयाचें तें तिचें अंग. मोठ्या जहाजाला लाट तोलून धरते. लहान नौकेला ती उचलून आपटते, प्रसंगीं पालथीहि करते. नौकेच्या तळाशीं शिशाचें किंवा लोखंडाचें जड ओझें पक्कें बसविलेलें असतें. त्याच्या बळावर ती पुन्हा उभी राहते. मात्र तोंपर्यंत पाणी आंत शिरतां कामा नये. म्हणून वरचीं झांकणें घट्ट, खिडक्या लहान व जाड, आणि बॅटऱ्या, शेगडी, हत्यारें हीं सर्व नौका उलटली तरी जागचीं हालणार नाहींत अशीं बांधलेलीं असावीं लागतात.

तरीहि पाणी शिरलेंच तर तें उपसावयास पंप हवा. येथेंच या विद्येंतील मुख्य सूत्र ध्यानांत येतें. कोणी म्हणेल, विजेचे दोन पंप घ्या म्हणजे झालें. पण दोन्ही पंप एकाच बॅटरीवर चालत असतील तर ते दोन नसून एकच होत. बॅटरी बुडाली कीं दोन्ही थांबले! म्हणून दुसरा पंप हातानें चालणारा हवा. प्रत्येक अत्यावश्यक कामाला दुसरा उपाय असावा, आणि तो दुसरा उपाय पहिल्यावर अवलंबून नसावा, हें तें सूत्र होय.

हें सूत्र किती खरें आहे तें मुंबईंतच बांधलेल्या एका नौकेनें जगाला दाखविलें. तिचें नांव ‘सुहैली’. सागवानी लाकडाची ही ३२ फुटी नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडांतील फॅलमथ बंदरांतून निघाले आणि ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, तेथेंच परतले. एकट्यानें, न थांबतां केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. वाटेंत फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊं लागलें, तेव्हां त्यांनीं स्वतः बुडी मारून सांध्यावर कापडाची पट्टी व तिजवर तांब्याची पट्टी ठोकली. टांक्यांतलें पिण्याचें पाणी खराब झालें, तेव्हां शिडावर पडलेलें पावसाचें पाणी धरून त्यावर दिवस काढले. बिनतारी यंत्र बंद पडलें, आणि कित्येक महिने जगाला त्यांची वार्ता नव्हती. पण सूर्यताऱ्यांवरून स्थान काढण्याची विद्या त्यांना अवगत होती, म्हणून ते वाट चुकले नाहींत.

सुकाण्याची गोष्ट तर अधिकच बोधप्रद आहे. एकट्या माणसाला झोंप ही घ्यावीच लागते. तेव्हां सुकाणू कोणी धरावें? याकरितां नौकेच्या मागील बाजूस वाऱ्याच्या जोरानें फिरणारें एक पातें बसवितात. नौकेची दिशा बदलली कीं पातें कलतें व सुकाणू वळवून तिला पूर्ववत् मार्गावर आणतें. त्यास वीज लागत नाहीं. आजच्या नौकांवर विजेचें स्वयंचलित सुकाणूहि असतें, परंतु जाणते खलाशी पात्याला सोडीत नाहींत. ‘सुहैली’चें हें साधन ऑस्ट्रेलियाच्या बाजूस मोडून गेलें. तेव्हां नॉक्स-जॉन्स्टन यांनीं शिडांचा तोल असा साधला कीं नौका आपोआप सरळ चालावी. दुसरा उपाय पेटींत नव्हता. तो त्यांच्या विद्येंत होता.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. पिणें व स्वयंपाक मिळून एका माणसास दिवसाला तीन लिटर धरले तर दीडशें दिवसांचे साडेचारशें लिटर होतात. विलंबासाठीं निम्मे अधिक धरले तर पावणेसातशें लिटर, म्हणजे तितकेच किलो वजन. खारें पाणी गोडें करणारें यंत्र घेतल्यास हें ओझें कमी होईल. पण यंत्र बिघडलें तर प्राणावर बेतेल. म्हणून यंत्र असलें तरी पुरेसा सांठा ठेवावा, तो एकाच टांकींत नसावा, आणि पाऊस धरण्याची सोय असावी.

डोलकाठीविषयींहि असेंच. तिला ताणून धरणाऱ्या तारांचे जादा तुकडे, वादळासाठीं लहान व जाड शीड, फाटलेलें शिवावयास सुया-दोरा हें सर्व हवेंच. परंतु तारा कापण्याची मोठी कात्रीहि हवी. मोडलेली डोलकाठी तारांनीं लटकत राहिली तर तीच नौकेच्या अंगावर आपटून भोंक पाडते.

मात्र सर्व सिद्धता असूनहि समुद्र कधीं वरचढ ठरतो. टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतींत ‘सुहैली’च्या नमुन्यावर गोव्यांत बांधलेल्या ‘तुरीया’ नौकेंतून गेले होते. २१ सप्टेंबर रोजीं, पर्थपासून सुमारें ३,५०० किलोमीटरांवर, वादळांत नौका उलटली, डोलकाठी मोडली, आणि त्यांच्या पाठीला इतकी गंभीर दुखापत झाली कीं उठणें अशक्य झालें. उपग्रहामार्फत संदेश पाठविणारें साधन चालू होतें, म्हणून जगाला त्यांचा ठावठिकाणा कळला. विमानांनीं नौका हुडकली आणि तिसऱ्या दिवशीं ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें त्यांना उचललें. संकटसूचक यंत्र नुसतें नौकेवर असून भागत नाहीं. तें पडल्या जागेवरून हाताशीं आलें पाहिजे, हा त्यांतला बोध. हेच टॉमी २०२३ मध्यें त्याच शर्यतींत दुसरे आले, हें आवर्जून सांगितलें पाहिजे.

तात्पर्य, नौकेची सिद्धता खरेदीच्या यादीनें होत नाहीं. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारावे: तूं बंद पडलीस तर तुझें काम कोण करील? आणि तुला दुरुस्त करण्याची विद्या मजपाशीं आहे काय? ज्या यंत्रास दोन्हीं उत्तरें नाहींत, त्यावर प्राण टांगूं नयेत. २०१९ च्या महापुरांत आमच्या सांगली जिल्ह्यांत कितीएक घरें अशींच बेटें झालीं होतीं; वीज नाहीं, वाट नाहीं, चहूंकडे पाणी असून पिण्यास थेंब नाहीं. समुद्र कधींहि न पाहिलेल्या गृहस्थानेंहि हे दोन प्रश्न आपल्या घराला एकदां विचारून पाहावे.