सासूबाईही ऐकायला बसतात

बाळंतिणीला रडू येतं, ‘होतं असं’ म्हणून आपण सोडून देतो. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुधा ओसरतंही. दोन आठवडे उलटले तरी मळभ हटलं नाही, तर मात्र ते नैराश्य असू शकतं. गरोदरपणातही ते येतं.

मानसोपचारतज्ज्ञ गावोगावी आणायचे कुठून? पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी आरोग्यसेविकांनाच तयार केलं. त्या घरी जात, चित्रं दाखवत. एका चित्रात आईच्या मनातला निराश विचार, दुसऱ्यात त्याच प्रसंगाकडे पाहायची वेगळी रीत. गंमत म्हणजे ‘नैराश्य’ हा शब्द पुढे करायचाच नाही. विषय बाळाच्या तब्येतीचा. मग सासूबाईही ऐकायला बसतात! 2008 साली या प्रयोगाचे निकाल आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा आरोग्यसेविकांच्या फक्त नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात 53 टक्के आया नैराश्यात होत्या, चित्रं पाहिलेल्या गटात 23 टक्के.

पुढे गोवा आणि रावळपिंडी इथल्या संशोधकांनी मिळून, सीमेवरच्या तणावाला न जुमानता, हेच काम गावातल्या साध्या बायकांवर सोपवून पाहिलं. गोव्यातली बाजू ‘संगाथ’ संस्थेनं सांभाळली. 2019 चे निकाल पहिल्याइतके झगझगीत नव्हते. फायदा दिसला, पण बेताचा. त्यांनी ते तसंच सांगितलं, मला तो प्रामाणिकपणा आवडला.

बारशाला जाल तेव्हा बाळाआधी आईला विचारा, ‘तू कशी आहेस?’ उत्तर ऐकून काळजी वाटली, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक तिला द्या.