छापील तक्त्याचा माथा आणि पायथा

मतदारयादीचे एखादे सुटे पान हाती पडले, तर त्यातील नावे वाचण्यापूर्वी त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेकडे क्षणभर पाहावे. माथ्यावर विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक व नाव असते आणि यादीचा हा भाग कितवा, तेही असते. मधल्या जागेत तीन रकान्यांतून साधारणतः तीस मतदारांच्या चौकटी मांडलेल्या असतात. पायथ्याशी बारीक अक्षरांत दोन गोष्टी सांगितलेल्या आढळतात: वय कोणत्या तारखेचे समजावयाचे, आणि एकूण पृष्ठांपैकी हे पृष्ठ कितवे. या दोन कडा कात्रीने कापून टाकल्या तर मागे काय राहील? तीस माणसांची नावे राहतील. परंतु ती कोणत्या मतदारसंघातील, त्यांच्या आधी व नंतर किती नावे आहेत आणि वयाचा आकडा कोणत्या दिवशी खरा होता, हे कोणासही सांगता यावयाचे नाही. यांतील शेवटची बाब क्षुल्लक नव्हे. पूर्वी पात्रतेसाठी १ जानेवारी हा एकच दिवस धरला जाई. १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिवस झाले. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाच्या दृष्टीने पायथ्याची ती बारीक ओळच सर्वांत मोठी होय.

माथ्यावरील ओळींस संगणकाच्या व्यवहारात हेडर म्हणतात आणि पायथ्याच्या ओळींस फूटर. त्यांची गरज का पडते, हे समजण्यासाठी डेटाबेसचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. डेटाबेसमधील तक्त्यात ओळी असतात आणि रकाने असतात. पाने मात्र नसतात. रकान्याचे नाव तेथे एकदाच सांगितलेले असते आणि त्याखाली पन्नास ओळी असोत वा पन्नास हजार, यंत्राचे काही अडत नाही. अडते ते कागदाचे. तक्ता छापावयास घेतला की कागद त्याचे तुकडे पाडतो. पहिल्या पानावर ‘येणे’ आणि ‘देणे’ अशी शीर्षके असतात. सातव्या पानावर आकड्यांच्या दोन निनावी रांगा तेवढ्या उरतात, आणि येणे कोणते व देणे कोणते हे वाचणाऱ्याने तर्काने ठरवावयाचे!

कागदावर हिशेब ठेवणाऱ्यांना ही अडचण फार पूर्वीच उमगलेली होती. बांधीव वहीत पानांचा क्रम शिवणीनेच राखला जातो. तरीही कारकून पानाच्या तळाशी बेरीज करून पुढच्या पानाच्या माथ्यावर ती पुन्हा उतरून घेई. ‘मागील पानावरून पुढे चालू’ हा आज थट्टेत वापरला जाणारा शब्दप्रयोग त्याच शिस्तीचा वारस आहे. यंत्रातून निघालेल्या सुट्या पानांना तर शिवणीचाही आधार नसतो.

यंत्रांनी हे काम प्रथम कसे केले, ते पाहणे मनोरंजक आहे. १९५९ साली आयबीएम कंपनीने १४०१ हा संगणक आणि त्याच्या जोडीस १४०३ हे छपाईयंत्र आणले. ते मिनिटास सहाशे ओळी छापी आणि एका ओळीत १३२ अक्षरे बसवी. पान कोठे संपते हे त्याला कळावे म्हणून कागदाच्या एका फितीस भोके पाडून तिचे वेटोळे यंत्रात बसवीत. एक भोक पानाचा माथा दाखवी, दुसरे पायथा जवळ आल्याची सूचना देई. ती सूचना मिळताच कार्यक्रमाने हातातील ओळ थांबवावी, पायथ्याच्या ओळी छापाव्यात, नव्या पानावर उडी घ्यावी, शीर्षके पुन्हा छापावीत आणि मग राहिलेले काम पुढे चालवावे, असा क्रम असे. फिती गेल्या, क्रम मात्र अद्याप तोच आहे.

त्यानंतर लवकरच कोबॉल या भाषेस अहवाल-लेखनाची जोड मिळाली आणि माथ्या-पायथ्याचे तीन थर स्पष्ट झाले. एक संपूर्ण अहवालाचा, तो आरंभी व अखेरीस एकदाच यावयाचा; दुसरा प्रत्येक पानाचा; तिसरा गटाचा, म्हणजे एका तालुक्याच्या नोंदी संपून दुसऱ्याच्या सुरू होतात तेथचा. बहुतेक चुका या थरांची सरमिसळ झाल्याने होतात. ब्राउझरमधून छापल्या जाणाऱ्या तक्त्यांचे उदाहरण घ्यावे. तक्त्याचा शीर्षभाग आणि तळभाग वेगळा दाखविण्याची सोय एचटीएमएल भाषेत आहे, आणि छापताना हे दोन्ही भाग पानोपानी पुन्हा येऊ शकतात. शीर्षकांच्या बाबतीत हे उत्तमच. परंतु कोणी संपूर्ण तक्त्याची बेरीज तळभागात ठेवली, तर तीच बेरीज प्रत्येक पानाखाली छापली जाते आणि वाचणारा ती त्या पानाची समजतो. आकडा अचूक असूनही हिशेब चुकतो, तो असा. उलट, मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसमध्ये पानाच्या पायथ्याशी सरळ बेरीज मागितल्यास आकड्याच्या जागी चुकीची खूण उमटते. तेथे ती बेरीज गटाच्या किंवा अहवालाच्या पायथ्याशीच मागावी लागते. हा आडमुठेपणा वाटला, तरी चुकीची बेरीज निमूटपणे छापण्यापेक्षा तो बरा.

एक्सेलमध्ये तर एकाच कामासारख्या दिसणाऱ्या दोन सोयी आहेत. रकान्यांची शीर्षके प्रत्येक पानावर आणणे ही एक. पानाच्या समासात नाव, तारीख व पृष्ठांक छापणे ही दुसरी. पुष्कळजण दुसरी वापरतात आणि पहिलीचे त्यांना स्मरणच राहत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तारीख. समासात तारखेची खूण ठेवली की यंत्र छपाईच्या दिवसाची तारीख घालते. माहिती डेटाबेसमधून सोमवारी काढली आणि पाने शुक्रवारी छापली, तर पायथ्याशी शुक्रवार येतो. मधल्या चार दिवसांत कोणी पैसे भरले असतील, कोणाचे नाव वगळले गेले असेल. पान मात्र आपण शुक्रवारचे आहोत असेच सांगते. म्हणून माहिती ज्या क्षणी काढली तो क्षण माहितीबरोबरच घ्यावा आणि तोच छापावा. हवी असल्यास छपाईची तारीख निराळी द्यावी.

पृष्ठांकाची गोष्ट त्या मानाने सोपी. फक्त ‘४० पैकी ७’ असे छापण्यास यंत्राला दुप्पट खटाटोप पडतो. सातवे पान छापताना एकूण पाने चाळीस होणार, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून ते आधी सारा मजकूर मनातल्या मनात पानांवर मांडून पाहते आणि मग छापते. तो खटाटोप अवश्य करून घ्यावा, कारण नुसत्या ‘७’ वरून शेवटचे पान गहाळ झाल्याचे कळत नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस उमटणारी मर्यादामुद्रा याच कामासाठी होती: मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडू नये. छापील तक्त्याच्या शेवटच्या पानावर ‘एकूण नोंदी १,१८६, यादी समाप्त’ अशी एक ओळ घातली म्हणजे तेच काम होते. आणि पाने मोजून, नोंदी मोजून तो आकडा कोणासही पडताळून पाहता येतो.